बेहड्यावर बांधलेला मोबाईल

चोचीत उंबरं धरून एक धनेश पक्षी चार दिवस तुटलेल्या बुंध्याभोवती घिरट्या घालत होता. स्वतः मात्र एकही फळ खात नव्हता. मग आणत कोणासाठी होता?

मी तात्यांना विचारलं. तात्या म्हणजे माझे आजोबा, जन्मभर आवाजाचा अभ्यास केलेले शास्त्रज्ञ. एरवी माझी थट्टा केल्याशिवाय ते उत्तर देत नाहीत, त्या दिवशी सरळ बोलले.

"मादीसाठी, केतकी. ती ढोलीत (खोडातल्या पोकळीत) शिरते आणि दार लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. नर तिला आणि पिल्लांना बाहेरून भरवतो."

"मग झाड पडल्यावर ती...?"

"आतच अडकली. ती आणि पिल्लं, कोणीच वाचलं नसणार," तात्या म्हणाले.

ते पोकळ बेहड्याचं झाड माझ्या बाबांनीच पाडलं होतं. "मला ठाऊक नव्हतं हो," एवढंच ते म्हणाले. मला त्यांचा राग आला होता आणि वाईटही वाटत होतं.

पुढच्या हंगामाआधी तात्यांनी कपाटाचा खण उपसला. 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेले सात जुने मोबाईल निघाले.

"काच फुटली म्हणून यांना ऐकू यायचं थांबलेलं नाही," तात्या म्हणाले. "नवं यंत्र करायचं तर तांब्या-सोन्यासाठी आणखी कुठलंतरी रान खणतील. त्यापेक्षा हे काय वाईट?"

"पण झाडावर बांधले, तरी झाडं कापणाऱ्या कटरचा आवाज यांना ओळखता येईल?"

"आधी त्या आवाजाची ध्वनिरेखा (आवाजाच्या चढउतारांचं चित्र) शिकवायची. मग मोबाईल वारा, पाखरं, सगळंच ऐकतो आणि प्रत्येक आवाजाचं चित्र त्याच्याशी ताडून पाहतो. जुळलं, की आपल्याला निरोप."

दोन मोबाईल चालूच होईनात. त्यांचे सुटे भाग बाकीच्यांना लावले. प्रत्येकाला पानाएवढी सौरपट्टी (उन्हापासून वीज करणारी पट्टी) जोडली. ढोली असलेल्या पाच झाडांवर ते बांधायला बाबाच चढले.

फाल्गुनातल्या एका दुपारी निरोप आला : 'कटर. तिसरा बेहडा.'

ते झाड शेजारच्या हद्दीत होतं. बाबा अनवाणीच धावले, मी मागोमाग. पातं खोडात चार बोटं शिरलं होतं. बाबा कटरवाल्यासमोर हात पसरून उभे राहिले.

"बंद करा! आत बाळंतीण आहे!"

मशीन थांबली. आम्ही सगळे वर पाहू लागलो. फटीतून पिवळ्या चोचीचं टोक दिसलं आणि लगेच आत गेलं.

कटरवाल्याने मशीन खाली ठेवली. बाबांनी त्याला झाडावर बांधलेला मोबाईल दाखवला आणि आम्हाला कसं कळलं ते सांगितलं.

"आमच्या वाडीच्या रानात पण एक जोडी येते," तो म्हणाला. "माझा जुना मोबाईल पडलाय घरात. चालंल का?"