सावलीगावाचा होकार

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी खारवलीच्या पाण्याच्या टाकीत औषध सोडण्यात आले. गावाने परवानगी दिली होती. गावाला ते ठाऊक नव्हते.

साडेनऊला गावसमितीच्या पदीबाई म्हात्रे आरोग्य केंद्रात शिरल्या आणि डॉ. सबनीसांच्या टेबलावर त्यांनी भरली कळशी आदळली.

"मॅडम, भागीदार म्हणता ना आम्हाला? मग विचारलंत कुणाला?"

"तुम्हालाच, मावशी."

मिठागरात राबणाऱ्या खारवलीकरांची मूत्रपिंडे चाळिशीतच निकामी होत. अकरा वर्षे विद्यापीठाचे संशोधक वर्षातून एकदा रक्त घेत होते आणि दर आठवड्याला घरोघर प्रश्न विचारत होते. त्यातून संगणकात प्रत्येक माणसाची प्रतिकृती तयार झाली. त्याच्यासारखेच शरीर, त्याच्यासारखाच विचार. या साऱ्यांना मिळून सावलीगाव म्हणत. औषध आधी सावल्यांवर तपासले जाई. यंदाच्या करारानुसार सावल्यांचे बहुमत हेच ग्रामसभेचे मत धरायचे होते. करारावर पदीबाईंची सही होती.

"दोनशे बारा सावल्यांनी होकार दिला. तुमच्या सावलीनेही. तुमच्या मुलाच्या, हरेशच्या किडन्या वाचतील."

"माझी सावली माझ्याहून शहाणी दिसते. तिला आमची सून दिसली का, वनिता?"

"तिचं काय?"

"तिसरा महिना सरतोय. परवा चोरओटी भरली. पाचव्याआधी बाहेर बोलत नाही आम्ही. प्रश्न विचारायला येणाऱ्या तुमच्या पोरींना 'काही नाही' सांग, असं मीच तिला बजावलं. सकाळी दोन तांबे पाणी प्यायली ती."

अकरा वर्षांत सावलीगावात पाचव्या महिन्याआधी एकही बाई गरोदर नव्हती. ते कुणाला खटकले नव्हते.

"बंद करा टाकी."

"झडप माझ्या हातात नाही, मावशी. होकार मोडला तरच ती बंद होते. ही माहिती घालून पुन्हा विचारते."

"विचारा. आता नाहीच म्हणेल ती. माझं मन मला कळत नाही होय?"

दहा वाजून पाच मिनिटांनी वनिताच्या सावलीत गर्भाची नोंद झाली. चार मिनिटांत उत्तरे आली; बहुमत होकाराचेच राहिले. वनिताची सावली, नाही. पदीबाईंची सावली, हो. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: हरेश.

"काय म्हणाली?" पदीबाईंनी विचारले.

डॉ. सबनीसांनी संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवला.

अकरा वाजता टाकी चालू होती. पडदा तसाच वळलेला होता.