देवमाशाच्या हृदयात बसलेली हेनी

हे लिहिताना माझा मुलगा रेवी शेजारी झोपलाय. आजारी लेकराच्या उशाशी बसून कुणी खोटं लिहीत नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. ऑगस्टमधला शनिवार, भर दुपार. जागा, आमच्या वेलिंग्टनमधलं बंदरावरचं म्युझियम.

अंधार नव्हता. माणसं होती, उजेड होता.

तरीही घडलं...

हुहाना मावशी गिझबोर्नहून आली होती. तिला राजधानी बघायची होती. सकाळी लाल केबल कारने टेकडीवर जाऊन आलो. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी ती सरकारी इमारत बघून मावशी म्हणाली, "पोळं आहे, माश्या आहेत. मध कुठाय?"

मग तिने म्युझियमचं नाव काढलं.

"वारा फार सुटलाय मावशी, घरी जाऊ."

"वेलिंग्टनला राहतेस आणि वाऱ्याला घाबरतेस?" तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू कशाला घाबरतेस ते ठाऊक आहे मला, पारे. पण पोराला कधी दाखवणार?"



हेनी माझी थोरली. घसा दुखण्याचं निमित्त झालं, ताप आला, आणि त्या तापाने तिच्या हृदयाची झडप खाल्ली. दर महिन्याला इंजेक्शन. ते झालं की मी तिला बक्षीस म्हणून इथे आणायची. इथे निळ्या देवमाशाचं हृदय आहे. प्लास्टिकचं, पण खऱ्याएवढं. मुलं आत शिरून बसतात आणि ठोके ऐकतात.

संथ. धप्प... धप्प...

हेनी बाहेर बूट काढायची. आम्ही माओरी लोक पूर्वजांच्या घरात शिरताना काढतो, तसे. मग एका कुशीवर कलून बसायची, कारण सुई टोचलेली बाजू दुखायची.

"आई, याचं बघ कसं शहाण्यासारखं वाजतं," म्हणायची. "माझंच मेलं वात्रट!"

वात्रटच होतं. एक ठोका, मग फुस्स असा आवाज, मग घाईघाईने दुसरा. तिच्या छातीला कान लावून मी तो इतका ऐकलाय, की कुठेही ओळखेन.

ती सात वर्षांची असताना तो थांबला.

रेवी त्यानंतर झाला.

त्या दिवशी हृदयापाशी कुणीच नव्हतं. मावशी पुढे पूर्वजांच्या दालनात गेली होती. रेवी धावत सुटला, आणि तोंडाशीच थांबला...

त्याने बूट काढले.

मी शिकवलं नव्हतं. बूट एका बाजूला सरकवले. शेजारी आणखी एका जोडाची जागा सोडून...

आणि आत शिरला.

"रेवी, चल बाहेर."

"थांब ना. ही सरकतेय."

"कोण?"

"तिला नीट बसता येत नाही, आई. इथे दुखतंय तिला." त्याने आपल्या मांडीवर वरच्या बाजूला हात ठेवून दाखवला.

 हेनीचा फोटो घरात आहे, तिचं नाव आम्ही रोज घेतो. पण इंजेक्शनचं रेवीला कुणीच सांगितलं नव्हतं.

मग ऐकू आलं...

धप्प... फुस्स... धप्प-धप्प.

म्युझियममध्ये काम करणारी एक मुलगी जवळून जात होती. मी तिला कसंबसं विचारलं, "हा आवाज... बदललात का?"

"आवाज? सॉरी हं, तो या आठवड्यात बंदच आहे. यंत्र दुरुस्तीला गेलंय. मुलं फार हिरमुसतात."

ती हसून निघून गेली. तिला काही ऐकू आलंच नव्हतं.

मी रेवीला ओढून बाहेर काढलं. दालनात मावशी पूर्वजांच्या एका जुन्या पिसांच्या झग्याशी बोलत डोळे पुसत होती. माझा चेहरा पाहताच थांबली.

"कोण भेटलं?"

मी मागे हृदयाकडे वळून पाहिलं.

"चल. पाणी घे आणि निघू."

दालनाच्या दाराशी दगडी वाडगा असतो. मेलेल्यांच्या सहवासातून निघताना आम्ही अंगावर पाणी शिंपडतो. त्यांनी तिथे राहायचं, आपण घरी जायचं. मावशीने स्वतःवर शिंपडलं, मग रेवीचे हात धरून वाडग्यात बुडवले.

"तू पण, पारे."

मी हात पुढे केला. आणि थबकले...

माझी करंगळी कुणीतरी धरली होती. गार, बारीक बोटं. गर्दीत हेनी धरायची, तशी. तिला करंगळीच लागायची.

रेवीचे दोन्ही हात मावशीच्या हातात होते.

"घेतलंस ना पाणी?"

"घेतलं," मी म्हणाले.

नव्हतं घेतलं.

तेव्हापासून रेवी पलंगाच्या कडेला झोपतो. शेजारी जागा सोडून. दाराशी त्याचे बूट रोज एका बाजूला सरकलेले असतात. इतकी सुखी मी कित्येक दिवसांत नव्हते. आणि इतकी घाबरलेलीही.

आज सकाळी रेवी म्हणाला...

"आई, घसा दुखतोय."

तशीच उचलून दवाखान्यात नेलं. घशाचा नमुना घेतलाय. रिपोर्ट उद्या.

मावशीला फोन केला. तिने एकच विचारलं, "पाणी घेतलं होतंस का?" मी खरं ते सांगितलं.  ती हळूच म्हणाली, "ती वाईट नाही गं. लेकरू आहे. हात सोडायचा असतो हे तिला कळत नाही. तुलाच सोडवावा लागेल."

समोर वाडग्यात पाणी भरून ठेवलंय.

मघाशी रेवीच्या छातीला कान लावला. ठोके बरोबर आहेत. शहाण्यासारखे.

पण त्याच्या पलीकडे, उशीच्या रिकाम्या अर्ध्या भागातून...

धप्प... फुस्स...

दोनदा पाण्यापर्यंत हात नेला. दोन्ही वेळा करंगळीवरची पकड घट्ट झाली.

आता वाट बघतेय. ती झोपली, की अलगद बोट सोडवून घेईन. ती लहान असताना मी घ्यायची, तसंच.

पण ती अजून झोपत नाहीये...