धाकट्याचा जोडीदार

त्या दोघांना सगळी टेकडी थोरला आणि धाकटा म्हणूनच ओळखायची. सख्खे सोडा, ते लांबचे भाऊसुद्धा नव्हते. मिशनने जोडी लावून दिली म्हणून एका खोलीत राहायचे, एवढंच नातं. थोरला सव्वीस वर्षांचा, धाकटा एकवीसचा. धाकट्याला घर सोडून सात महिने झाले होते. घर इतकं लांब, की फोन लागला की आई आधी विचारायची, "तुझ्याकडे आत्ता किती वाजलेत रे?" आणि उत्तर ऐकूनच तिला रडू यायचं.

येताना त्याच्या डोक्यात काय काय होतं! आपण बोलू, लोक ऐकतील, एखाद्याचे डोळे पाणावतील. प्रत्यक्षात टेकडीवरच्या लोकांना देवापेक्षा गळक्या नळाची चिंता जास्त. "प्रार्थना होईल हो भाऊ, आधी हा वॉशर बघा!" सात महिन्यांत धाकट्याने नळ दुरुस्त केले, जखमा बांधल्या, म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या नातवंडांची पत्रं वाचून दाखवली. पण "आमच्यासाठी प्रार्थना कर" असं आपणहून म्हणणारा एक माणूस त्याला भेटला नव्हता. संध्याकाळी बादलीत शर्ट घुसळताना त्याला वाटायचं, आपण मिशनरी झालो की प्लंबर?

मिशनचे नियम ढीगभर. त्यातला पहिला असा, की फेरीला एकट्याने जायचं नाही, जोडीने जायचं. जोडीतलं कुणी आजारी पडलं, तर खालच्या गावातली दुसरी जोडी वर येऊन फेरी सांभाळायची. कुठली घरं झाली आणि कुठली राहिली, ते कळायला फेरीची वही असायची. घर झालं की त्याच्यापुढे बरोबरची खूण.

आता थोरला माणूस सोन्यासारखा, पण त्याला एक खोड होती. उद्याच्या घरांपुढच्या खुणा तो आदल्या संध्याकाळीच करून मोकळा व्हायचा. "जाणारच आहोत ना आपण? मग आत्ता केल्या काय आणि उद्या केल्या काय!" धाकट्याला ते खटकायचं, पण वडीलधाऱ्याला कोण शिकवणार?

त्या दिवशी सकाळी थोरला तापाने फणफणला. धाकट्याने दुसऱ्या जोडीला निरोप धाडला आणि तो औषधाच्या दुकानाकडे पळाला. परत आला तेव्हा ते दोघे येऊन गेले होते, थोरल्याने ग्लानीतच तेवढं सांगितलं. फेरीला गेले असतील, असं धरून तो थोरल्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसला. दुपारी चारच्या सुमाराला पाणी बदलायला उठला, आणि त्याचं लक्ष दाराजवळच्या खिळ्याकडे गेलं. खिळ्याला किल्ली लटकत होती.

ती मास्तरीणबाईंच्या दाराची किल्ली. एकुलती एक. मास्तरीणबाई टेकडीच्या अगदी माथ्यावर एकट्या राहायच्या. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, भाची फक्त रविवारी येणार, तीही ह्यांच्याकडून किल्ली घेऊन. रोज सकाळी हे दोघे जाऊन त्यांना उठवून बसवायचे, खायला घालायचे, गोळ्या द्यायचे, उशाशी रात्रीपुरतं पाणी आणि खाणं ठेवून यायचे.

धाकट्याने वही उघडली. सगळ्या घरांपुढे थोरल्याच्या ठसठशीत खुणा. आत एक चिठ्ठी होती. 'वही पाहिली. आजची घरं झालेली दिसतात. आम्ही परत जातो. ताप उतरला की कळवा.'

म्हणजे काल सकाळपासून बाईंकडे कुणी गेलेलंच नव्हतं. उशाशी ठेवलेलं पाणी काल रात्रीच संपलं असणार.

त्याने दुसऱ्या जोडीला फोन लावला. धुक्यामुळे गाड्या बंद होत्या, त्यांना चालत यायला दोन तास लागणार होते. त्याने पिशवीत पाण्याची बाटली, पाव, दूध आणि गोळ्या कोंबल्या, किल्ली खिशात टाकली.

थोरल्याने डोळे अर्धवट उघडले. "कुठे निघालास?"

"बाई राहिल्यात दादा. मी जाऊन येतो."

"एकटा नको जाऊस..."

"बाई कालपासून एकट्या आहेत," धाकटा म्हणाला आणि बाहेर पडला.

टेकडीवर रस्ते नव्हते, पायऱ्याच होत्या. तीनशेच्या वर. दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, मध्ये दोन माणसं कशीबशी मावतील एवढी वाट. धुकं इतकं दाट, की पाच पायऱ्यांपलीकडचं दिसेना. भिंतींना ओल्या चुन्याचा वास येत होता. कुठेतरी पन्हाळीतून थेंब पडत होता, टप्... टप्... आणि तोही जवळ पडतोय की लांब, ते कळत नव्हतं.

पहिल्या वळणावर किल्लीवाल्याची टपरी होती. म्हातारा एका किल्लीवर कानस घासत बसला होता.

"काय भाऊ, आज उशीर?"

"थोरले आजारी आहेत काका."

"अरेरे. मग हे नवीन वाटतं?"

"कोण?"

म्हाताऱ्याने कानशीने त्याच्या मागे दाखवलं. "हे काय, उभे आहेत की."

धाकट्याने वळून पाहिलं. पायऱ्या आणि धुकं.

"थट्टा करू नका हो काका."

"थट्टा करायला तू काय माझा मेहुणा आहेस?" म्हातारा पुटपुटला, आणि परत कानस घासायला लागला. "त्यांना म्हणावं, पाय जपून. पायरी निसरडी आहे."

धाकटा हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. काकांना हल्ली कमी दिसतं, त्याने स्वतःला समजावलं. धुक्यात कुणालाही काहीही दिसेल. तो भरभर चढू लागला.

शंभरेक पायऱ्यांवर इस्त्रीवाल्या मावशींची खिडकी. मावशींची नजर कशी, तर चार घरांपलीकडच्या शर्टावरचा डाग दिसणारी. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"भाऊ, अहो, तुमच्या ह्या जोडीदाराला स्वेटर नाही का? नुसता शर्ट, तोही ओलाचिंब. न्यूमोनिया होईल की पोराला!"

"मावशी... किती जण दिसताहेत तुम्हाला?"

"किती म्हणजे? दोघंच की. नेहमीसारखे." मावशींनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्हालाही ताप आलाय का?"

त्याने मागे वळून पाहिलं नाही. धीरच झाला नाही. तो चालू लागला, आणि आता त्याला ऐकू आलं. त्याच्या पावलामागे आणखी एक पाऊल. तो थांबला. मागचं पाऊल एक पायरी जास्त पडलं, आणि मग थांबलं.

सात महिने दारोदार म्हणून दाखवलेली प्रार्थना! झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवली असती. पण आता पहिल्या ओळीच्या पुढे काही केल्या आठवेना. त्याला घामही फुटला होता आणि थंडीही वाजत होती. परत फिरावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण परत फिरायचं म्हणजे त्याच्याच अंगावरून जायचं. आणि वर बाई होत्या. त्यांचे कोरडे ओठ त्याच्या डोळ्यांपुढे आले आणि त्याने पाऊल उचललं. मागच्यानेही उचललं.

मशिदी-देवळांतून, शाळांतून भीतीवर बोलणारे पुष्कळ असतात. धाकट्यानेही एकदा दहा मिनिटं भाषण ठोकलं होतं. त्या भाषणातलं एक वाक्य त्या पायऱ्यांवर उपयोगी पडलं असेल तर शपथ!

दोनशेच्या पुढे कुठेतरी वाट दोन्हीकडे फुटते. रोज थोरला पुढे असायचा आणि धाकटा त्याच्या टाचांकडे बघत चढायचा, त्यामुळे कुठे वळायचं ते त्याने कधी डोक्यात ठेवलंच नव्हतं. डावीकडे, असं त्याला वाटलं. तो डावीकडे वळला. मागची पावलं वळली नाहीत, तिथेच उभी राहिली. सुटलो, असं म्हणून तो धावतच आठ-दहा पायऱ्या चढला.

आणि कुणीतरी त्याचं कोपर धरलं.

बोटं गार होती. ओली होती. बाहीतून तो ओलावा थेट हाडापर्यंत गेला. उचललेला पाय त्याने तसाच पुढे टाकला... आणि पायाखाली काही लागलं नाही. चपलेच्या टोकाने एक खडा सुटला. तो पडल्याचा आवाज यायला खूप वेळ लागला.

मागच्या आठवड्यात तिकडच्या पायऱ्या ढासळल्या होत्या. थोरला बोलला होता तसं. धाकट्याच्या त्या दिवशी कानावरून गेलं होतं.

कोपरावरचा हात सैल झाला आणि गेला. पावलं खाली उतरली, उजवीकडच्या वाटेला लागली, आणि थोडं पुढे जाऊन थांबली. वाट बघितल्यासारखी.

धाकटा उतरला आणि त्या पावलांच्या मागोमाग चढू लागला. भीती गेली नव्हती. पण आता तिच्या जोडीला आणखी काहीतरी होतं, त्याला नाव देता येत नव्हतं. थोरल्याच्या मागून चढताना वाटायचं, साधारण तसंच.

बाईंच्या दाराशी पावलं थांबली, ती पुन्हा वाजली नाहीत. धाकट्याने किल्ली फिरवली. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा लागली. आत अंधार, आणि औषधांचा कडवट वास.

"बाई? बाई...!"

"ओरडू नकोस. डोळे गेलेत, कान नाही गेले."

त्याला तिथेच खाली बसून रडावंसं वाटलं. त्याने दिवा लावला, बाईंना उशीला टेकवून बसवलं आणि पाण्याचा पेला ओठांना लावला. "चुकलं बाई. फार मोठी चूक झाली आमची. कालपासून तुम्हाला पाणीसुद्धा..."

बाईंनी एकच घोट घेतला आणि पेला बाजूला केला. "बास. तहान नाहीये."

"नाही कशी?"

"अरे, तुमचा तो आला होता ना. सकाळपासून तीनदा पाणी पाजलं त्याने. खायला मात्र काही आणलं नव्हतं हो. दे तो पाव."

धाकट्याच्या हातातला पाव हातातच राहिला. किल्ली दिवसभर खिळ्याला होती. थोरला दिवसभर अंथरुणात होता. "बाई... कोण आला होता?"

"मला काय दिसतंय? हात गार होते एवढं कळलं. आवाज कोवळा, तुझ्याएवढाच असेल. मी म्हटलं, बस रे बाळा जरा. तर बसेना. सारखा दाराकडे. म्हणे, धाकटा एकटाच निघालाय, त्याला पायऱ्यांवर सोडून चालायचं नाही." बाईंनी पाव दुधात बुडवला. "मी म्हटलं, एवढा घोडा झालाय, येईल की त्याचा तो. तर म्हणाला, मला सोडलं होतं."

बाहेर पन्हाळीचा थेंब पडत होता.

ह्या बाईंनी सात महिन्यांत त्याला एकदाही प्रार्थना म्हणू दिली नव्हती. "देवाचं माझं मी बघते, तू उशी सरळ कर," असा त्यांचा खाक्या. आता त्यांनी चाचपडत त्याचा हात शोधला.

"त्याच्यासाठी म्हण रे काहीतरी तुझं. फार गारठला होता बिचारा."

आणि गंमत बघा, मघाशी अडलेली प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवली. त्याने ती सगळी म्हटली. सात महिने ज्याची वाट पाहिली ते असं येईल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. घरी निघून जायचा विचार जो अधूनमधून डोकं वर काढायचा, तो त्या संध्याकाळी खाली बसला तो बसलाच.

बाईंना गोळ्या देऊन, पांघरूण घालून, उशाशी पाणी ठेवून तो बाहेर पडला. उजेड अजून थोडा होता. पायरीवर कुणी नव्हतं. भीती होतीच. खोटं कशाला सांगायचं, दात वाजत होते. पण तो भिंतीच्या कडेला सरकला, आणखी एकाला जागा राहील एवढा, आणि हळूच म्हणाला, "चला."

उतरताना त्याने ढासळलेल्या वाटेकडे पाहिलं नाही. मावशींची खिडकी बंद होती, टपरीही बंद होती. सबंध वाटेत त्याला स्वतःच्या पावलांशिवाय काही ऐकू आलं नाही, आणि त्याचं त्याला जरासं वाईटच वाटलं.

खोलीत थोरला भिंतीला टेकून बसला होता. ताप उतरला होता. वही मांडीवर उघडी, डोळे लाल. त्याने सगळं वाचलं होतं.

"बाई?"

"बऱ्या आहेत. दूध-पाव खाल्ला."

थोरल्याने तोंडावरून हात फिरवला. "पुन्हा आधी खूण करणार नाही. कधीच नाही," तो म्हणाला. मग आवाज थोडा सावरून, "पण तू एकटा गेलास. नियम मोडलास."

"नाही मोडला दादा," धाकटा म्हणाला.

थंडी आत येत होती म्हणून तो दार लावायला वळला. आल्यापासून त्याने दाराला हात लावला नव्हता, आणि थोरला अंथरुणातून हलला नव्हता.

दार लागलेलं होतं. आतून, कडी घालून.