मोकळं दावं

पंधरा सालच्या दुष्काळात ढगांचा अभ्यास करणारं विमान औरंगाबादहून उडायचं. त्यातलं वारा मोजणारं रडार धर्मराज सांभाळायचा. गडी घाटनांदूरचा, त्यामुळे गावावरून उडताना उगाच मान ताठ व्हायची. खाली दूध संस्थेच्या चारा छावणीत त्याचे वडील तात्याबा दोन गाई घेऊन बसले होते. पिंगळ्या बैल गेल्या महिन्यात विकला. दावं तेवढं रिवाजाप्रमाणे मागे ठेवलं आणि छावणीतल्या मोकळ्या खुंट्याला बांधलं. धर्मराज सुट्टीला आला की हा पिंगळ्या घामाच्या खारटपणासाठी त्याची पाठ चाटून ओली करायचा.

त्या दुपारी छावणीवर एकच काळा ढग आला.

“रडार बरोबर असेल तर उद्या पाऊस पाडायला इथेच मीठ फवारू,” विमानाचे कॅप्टन म्हणाले. “बिघडलं असेल तर इथले आकडे बाद, दुसरा जिल्हा.”

पडद्यावर जवळ येणारं हिरवं दिसतं, लांब जाणारं लाल. ढग वाऱ्याबरोबर लांब निघाला होता, तो लाल दिसला. मधोमध एक ठिपका मात्र हिरवा.

विमानाने ढगाला वळसा घातला. आता ढग हिरवा झाला, ठिपका लाल व्हायला हवा होता. तो हिरवाच राहिला. कुठूनही बघा, तो विमानाकडेच येत होता. धर्मराजने यंत्र बंद करून पुन्हा लावलं. ठिपका मोठा झाला होता. धर्मराज पार गोंधळला.

औरंगाबादला उतरल्याबरोबर त्याने वडिलांना फोन लावला.

“आरं, पाऊस न्हाई काय न्हाई,” तात्याबा म्हणाले. “पर पिंगळ्याचं दावं ताठ झालंय. मोकळं दावं! तुजं विमान फिरलं तसं तेबी फिरलं. गाई लई बिथरल्यात.”

“आणि आत्ता?”

“औरंगाबादकडं ताणलंय. आसं कशानं व्हतंय रं?”

धर्मराजने फोन कानाला घट्ट दाबला.

“थांब,” तात्याबा म्हणाले. “पडलं सैल.”

कॅप्टन शिडीवरून उतरले. “काय कळवू? ठीक आहे ना रडार?”

नाही म्हटलं तर गावाचा पाऊस गेला. हो म्हणायला धर्मराजने तोंड उघडलं, आणि त्याची नजर विमानाच्या नाकाडावर गेली. सगळ्या नाकाडावर धूळ बसली होती. मधून एक रुंद, ओला पट्टा स्वच्छ पुसला गेला होता.

“बरोबर आहे,” तो कसाबसा म्हणाला.

तेवढ्यात त्याचा सदरा पाठीला चिकटला. ओला आणि कोमट.