सीट खाली!

"आज कुठे?" स्टिअरिंग गच्च धरून बाळूने विचारलं.

"समुद्रावर!" अनुराधा म्हणाली.

"कालच गेलो की! आज काश्मीर!" शोभा ओरडली. "आणि बाळू, हॉर्न वाजवताना थुंकी उडवू नकोस!"

भोपाळच्या पिपलानी टाउनशिपमध्ये एका क्वार्टरमागे पत्र्याचं गॅरेज होतं. पत्र्याच्या भोकांतून दुपारचं ऊन आत यायचं आणि त्या उन्हात धूळ तरंगत राहायची. मधोमध उभी होती गोपीनाथकाकांची लाल एम.जी.! विलायती मोटार, दोनच माणसांची, छत मागे दुमडणारी. काका कारखान्यातून रिटायर होऊन नागपूरला लेकीकडे गेले, तेव्हापासून ती जागची हलली नव्हती. पण शेजारची शोभा, तिचा धाकटा भाऊ बाळू आणि सुट्टीला पुण्याहून आलेली त्यांची मामेबहीण अनुराधा तिच्यात बसून रोज कुठे कुठे जाऊन येत. डोळे मिटले की गाडी सुरू! आधी गुलमोहर मागे पडायचे, मग टाउनशिपची पाण्याची टाकी, मग सगळं भोपाळ. बाळूला तर खरोखर वारा लागायचा, आणि थंडी वाजते म्हणून तो भर मे महिन्यात कॉलर वर करून बसायचा.

काश्मीरचा घाट जेमतेम सुरू झाला होता, इतक्यात दार करकरलं.

"उतरा, उतरा! गाडी विकायचीय!"

काकांचा पुतण्या हेमंतदादा मेकॅनिकला घेऊन आला होता. क्वार्टर आता त्याच्या नावावर होतं. पण त्याची हरिद्वारला बदली झाली होती आणि सगळं आवरायचं होतं. हेमंतदादाचं आवरणं म्हणजे दिसेल ते उचलायचं आणि बाहेर फेकायचं.

"विकायची? आपली गाडी?" शोभाने गाडीचं दार आतून ओढून धरलं.

"आपली नाही, काकांची! त्यांनीच सांगितलंय. चार वाजता एक डॉक्टरीणबाई बघायला येतायत. सुरू झाली तर त्या घेणार. नाही झाली, तर कबाडी तोडून नेणार. उद्या मला क्वार्टर सोडायचंय, यार!"

"तोडून?" बाळूचा आवाज चिरकला.

मेकॅनिकने सकाळीच नवी बॅटरी बसवून पेट्रोल भरलं होतं. आता त्याने बॉनेट उघडलं, आत डोकावून हात झटकले. "साहब, करंट कहाँ से जाएगा? इसका तो रोटर ही गायब है!"

रोटर म्हणजे इंजिनाला ठिणगी वाटून देणारा अंगठ्याएवढा तुकडा. तो नसेल तर गाडी नुसती शोभेची.

"तुम्हीच रोज इथे धिंगाणा घालता ना?" हेमंतदादाने डोळे वटारले.

"आम्ही फक्त प्रवास करतो!" शोभा म्हणाली. "काकांनाच विचार ना!"

"कसं विचारू? ते ट्रेनमध्ये बसलेत, संध्याकाळी पोचतील. काल ट्रंककॉल आला होता, पण नुसती खरखर! काकांनी विचारलं, सीट खाली आहे का? मी म्हटलं, हो काका, एकदम खाली, सगळं सामान काढलंय! मग लाइनच कटली."

मुलांनी ठरवलं, रोटर कुठूनतरी मिळवायचाच! तिघं टेम्पोने अशोका गार्डनच्या बाजारात गेली आणि मिळतील तेवढी पार्ट्सची दुकानं पालथी घातली. एक दुकानदार पोट धरून हसला. "बेटा, ये तो अब म्यूजियम में मिलेगा!"

तिघं परत निघाली. काश्मीर, समुद्र, सगळं आता कबाड्याच्या हातगाडीवर जाणार होतं. तेवढ्यात डुकरासारख्या तोंडाचा एक टेम्पो, भोपाळी भाषेत 'भट-सुअर', समोर थांबला.

"आ जाओ बच्चो! पीछे सीट खाली है!"

शोभा आणि बाळू पटकन बसले. अनुराधा मात्र वाकून सीटच्या खाली बघू लागली!

"अगं, काय शोधतेस?"

"तेच म्हणाले ना, सीट खाली काहीतरी आहे!"

टेम्पोतले सगळे खो खो हसले. "वेडाबाई, खाली म्हणजे रिकामी!" बाळूला हसू आवरेना.

"मग रिकामी म्हणा की! आमच्या पुण्यात खाली म्हणजे खाली!" अनुराधा फणकारली.

शोभाचं हसू एकदम थांबलं. "बाळू, घरात हिंदी शब्द आला की गोपीनाथकाका काय करायचे?"

"कान पिळायचे! माझा दोनदा..." बाळूने आ वासला. "म्हणजे ते 'रिकामी'च म्हणाले असते!"

"त्यांनी विचारलं नाही, सांगितलं! सीटखाली! भैया, जल्दी चलाओ!"

गॅरेजपाशी कबाडी हातोडा घेऊन उभा होता. बिट्टन मार्केटजवळ दवाखाना असलेल्या डॉक्टर रजनीबाई हिरमुसून परत निघाल्या होत्या.

"थांबा! थांबा!" तिघं गाडीवर तुटून पडली. शोभाने ड्रायव्हरची गादी ओढून काढली. खाली, स्प्रिंगमध्ये, फडक्याची घट्ट पुरचुंडी होती. ती सोडली आणि रोटर तिच्या तळहातावर आला!

"आणि मी रोज ह्याच्यावर बसत होतो?" बाळू किंचाळला.

मेकॅनिकने तुकडा बसवला. गाडी खोकली, काळा धूर ओकली, पुन्हा गप्प झाली. अनुराधाने डोळे मिटले. मग एकदम घर्र्र! पत्रे थरथरले, आणि कबाड्यानेसुद्धा टाळी वाजवली.

ऑटोतून उतरणारे गोपीनाथकाका तो आवाज ऐकून बॅग टाकून धावतच आले. सगळी हकिगत ऐकून आधी पोटभर हसले. "गाडी उभी करून जायचं तर रोटर काढून ठेवायचा, म्हणजे चोर नुसता ढकलत बसतो! आणि हेमंत, तुझी मराठी काढायची का रे भंगारात?"

हेमंतदादाने लाजून कान पकडले.

छत दुमडलं. रजनीबाई चालवायला बसल्या, शेजारी काका, आणि मागच्या चिंचोळ्या जागेत तिघं. गाडी तलावाच्या रस्त्याला लागली. पाण्यावर संध्याकाळ उतरत होती, पलीकडचे दिवे एकेक लागत होते. वारा इतका होता की बोललेलं ऐकू येईना. बाळूला वाटलं, डोळे मिटावेत. पण आज उघडेच बरे होते.

काठाशी गाडी थांबली. काकांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. मग मागे वळले. "शाबास रे पोरांनो! ओरखडा येऊ नये म्हणून मी हिला अंधारात कोंडलं. तुम्ही हिला काश्मीर दाखवलंत, आणि आज वाचवलंतही!"

मग त्यांनी खिशातून जादा किल्ली काढून रजनीबाईंना दिली. "डॉक्टर, एकच मागतो. हिला जपू नका. चिखलाने माखू दे, उन्हात रंग उडू दे. पण हिला उभी ठेवू नका!"

रजनीबाईंनी किल्ली मुठीत घेतली, गिअर टाकला आणि काकांनाच विचारलं, "घट्ट धरून बसाल ना? आता जरा जोरात नेते!"