गळ्यातली किल्ली

ओद्वार दाराशीच उभा राहिला, पायांतले बूट न काढता. त्या खोऱ्यात बूट न काढता उभा राहणारा माणूस बसायला आलेला नसतो, हे कुणाला सांगावे लागत नाही. आणि बोर्गहिल्ड क्वेर्नमोचा हा एकुलता एक मुलगा गेली अकरा वर्षे आपल्या आईच्या दारात असाच, पायपुसण्याच्या पलीकडे पाऊल न टाकता, उभा राहत आला होता. छपरावरचे बर्फ खरवडायला यायचा, लाकडे फोडून रचून द्यायचा, विहिरीचा पंप दुरुस्त करायचा. पण बसायचा नाही. कॉफीचा पेला त्याने उंबऱ्यावर उभ्यानेच प्यावा आणि खिडकीत ठेवून निघून जावे...

आज त्याच्या हातात एक कागद होता. तो कागदही ओळखीचाच, बापाची रायफल त्याच्या नावावर करण्याचा अर्ज. दर वर्षी ऑगस्ट सरताना, मूस हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आला की, तो हा कागद आणीत असे आणि ती तो सही न करता टेबलाच्या खणात ठेवीत असे.

"हाल्वारकाका सांगत होते, नेमबाजीच्या परीक्षेत तुझ्या पाचातल्या तीनच गोळ्या लागल्या," तो म्हणाला. "दुसऱ्यांदाही तीनच."

"वारा होता."

"वारा नव्हता, आई. तू एकोणऐंशी वर्षांची आहेस. यंदा तरी सही कर."

तिचा हात नकळत गळ्याशी गेला. लोकरीच्या करड्या दोऱ्यात ओवलेली ती पोलादी किल्ली सदऱ्याच्या आत, छातीच्या हाडावर, होती तिथेच होती. अकरा वर्षांत त्या हाडावर तिचा एक फिकट डाग उमटला होता. आंघोळीला ती किल्ली तिच्या अंगावर, झोपताना अंगावर. कंबरेच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा परिचारिकेने ती उतरवायला सांगितली, तर बोर्गहिल्डने पोलीस अधिकाऱ्याला रुग्णालयात बोलावून घेतले, लिफाफ्यात किल्ली घालून त्यावर मोहोर करवली, आणि त्यानंतरच भूल द्यायला परवानगी दिली. साऱ्या खोऱ्याने ही गोष्ट हसून हसून एकमेकांना सांगितली होती. म्हातारीला पोटच्या पोराचाही भरवसा नाही, असे म्हणून लोक हसले होते. आणि ओद्वार ते ऐकून मान खाली घालून पुलापलीकडच्या आपल्या घरी गेला होता.

अंगणात गाडी थांबली. पोलिसांची तपासणी आज आहे, हे पत्राने चार दिवस आधीच कळवले होते. परवान्याची बंदूक घरात कशी ठेवली आहे, ते पाहायचे एवढेच. मारित नावाची तरुण अधिकारी आत आली, दारातच बूट काढून लोकरी मोज्यांनी चालत बोर्गहिल्डच्या मागे माजघरापलीकडच्या छोट्या खोलीत गेली. ओद्वार उंबऱ्यावरच राहिला. पण दार उघडे होते, आणि घर एवढे लहान की उंबऱ्यावरून सगळे दिसे, सगळे ऐकू येई.

बोर्गहिल्डने गळ्यातून दोरा काढला आणि कपाट उघडले. जमिनीला आणि भिंतीला बोल्टांनी आवळलेले ते पोलादी कपाट टोर्मोडने, तिच्या नवऱ्याने, बसवले होते. आत त्याच्या बापाची रायफल, रिकामी, खटका काढून ठेवलेली. गोळ्या खालच्या खणात, वेगळ्या कुलपात. मारितने रायफलीवरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहिला.

"किल्ली कुठे असते, हे आणखी कुणाला माहीत आहे का, आजी?"

"साऱ्या खोऱ्याला माहीत आहे," बोर्गहिल्ड करारी स्वरात म्हणाली. "पण ती घ्यायची तर आधी मला मारावं लागेल."

मारित हसली. तिचे आजोबा, म्हणे, किल्ली कॉफीच्या डब्यात ठेवायचे आणि आपल्यावाचून हे कुणालाच ठाऊक नाही असे त्यांना मरेपर्यंत वाटत होते. बोर्गहिल्ड हसली नाही. टोर्मोडनेही ती तिथेच ठेवली होती. खोऱ्यातल्या प्रत्येक घराने चुलीवरच्या फळीवर, कॉफीच्या लाल डब्यातच ती ठेवली होती. भक्कम कपाट, मजबूत कुलूप, आणि किल्ली जिथे कोणताही हात दिवसातून चार वेळा जातो तिथे... या एका चुकीची किंमत काय होऊ शकली असती, हे त्या घरात फक्त तिला माहीत होते.

मारित आता जुने कागद चाळत होती. नवऱ्याच्या मृत्यूनंतर रायफल वारस म्हणून बोर्गहिल्डकडे आली; पुढे तिने अडुसष्टाव्या वर्षी, शाळकरी मुलांबरोबर बाकावर बसून शिकारीचा अभ्यासक्रम पुरा केला आणि परवाना आपल्या नावावर करून घेतला. मधल्या काळातली एक नोंद मारितने मोठ्याने वाचली.

"ही काय आहे? चौदा नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ वाजता रायफल शहरातल्या बंदूकवाल्याकडे सांभाळायला जमा. हिवाळाभर तिथेच. घरात एवढं चांगलं कपाट असताना?"

बोर्गहिल्डने कपाटाचे दार लावून घेतले.

"कपाटाला रंग द्यायचा होता," बोर्गहिल्ड म्हणाली.

मारितने खांदे उडवले, सारे नियमाप्रमाणे असल्याची खूण केली, सही घेतली, बूट घातले आणि गेली. गाडीचा आवाज पुलापर्यंत ऐकू येत राहिला. बोर्गहिल्ड किल्ली पुन्हा गळ्यात घालून स्वयंपाकघरात आली, तेव्हा ओद्वार दाराची चौकट धरून उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"चौदा नोव्हेंबर," तो म्हणाला.

ती चुलीकडे वळली. पाठमोऱ्या माणसाला विचारणे सोपे जाते, आणि उत्तर देणेही.

"तू मला पाहिलं होतंस," तो म्हणाला. "लाकडांच्या कोठारात."

अकरा वर्षे जे शब्द तिने दातांखाली धरून ठेवले होते, ते असे दुसऱ्याच्याच तोंडून बाहेर आले, आणि तिला एवढा शीण आला की ती टेबलाची कड धरून खाली बसली... त्या वर्षी वसंतात टोर्मोड गेला. उन्हाळ्यात ओद्वारची बायको शहरात निघून गेली आणि परत आली नाही. शरदात गोठ्यातली शेवटची गाय विकली. ओद्वार तेव्हा याच घरात राहत होता. जेवत होता, बोलत नव्हता. त्या सकाळी ती अंडी गोळा करायला बाहेर पडली, आणि कोठाराच्या फटीतून तिने त्याला पाहिले. तो ओंडक्यावर बसला होता, मांडीवर बापाची रायफल आडवी. शिकारीचा मोसम सरून गेला होता. बाहेर दहिवर गोठून पांढरे झाले होते आणि त्याच्या पायांत घरातल्या चपला होत्या. त्या चपला पाहूनच तिला सगळे कळले.

ती ओरडली नाही, धावली नाही. कुठून आला कोण जाणे, पण अगदी रोजचा आवाज तिच्या गळ्यातून निघाला. "ओद्वार, कॉफी निवतेय." एवढेच. मग घरात येऊन तिने दोन पेले मांडले आणि ती टेबलाशी बसली. किती वेळ गेला... तो आला. त्याने दोन पेले कॉफी घेतली. रायफल कपाटात आणि किल्ली डब्यात ठेवून तो निजायला गेला. तो झोपताच तिने खटका काढून घेतला, रायफल पेटीत बंद केली, टोर्मोडची जुनी गाडी काढली आणि ती शहराच्या वाटेला लागली. संध्याकाळी आपल्याला भोवळ येते असे खोटे सांगून तिने डॉक्टरांना घरी बोलावले, आणि परतताना त्यांना सोडायला ओद्वारलाच पाठवले. त्या गाडीत दोघे काय बोलले, ते तिने कधी विचारले नाही. पण पुढच्या आठवड्यापासून तो दर गुरुवारी दवाखान्यात जाऊ लागला.

"मला वाटलं, तू अशीच हाक मारलीस," ओद्वार म्हणत होता. "कॉफीसाठी. मला वाटलं, कुणालाच कळलं नाही. आणि जानेवारीत शिकाऱ्यांच्या सभेत तू उभी राहून म्हणालीस, कड्याखालच्या टोर्मोडच्या शिकारीच्या जागेवर आता मी बसणार. सगळे हसले, आई. मी तुझ्या शेजारीच बसलो होतो. आजोबांची जागा, बाबांची जागा... मला वाटलं, तुला मी त्या लायकीचा वाटत नाही."

"जागा रिकामी राहिली असती, तर गटाने ती दुसऱ्याला दिली असती."

"म्हणून तू घेतलीस?"

"घेतली नाही," बोर्गहिल्ड म्हणाली. "धरून ठेवली."

अकरा शरद ऋतू ती त्या कड्याखालच्या जागेवर, दुखऱ्या कंबरेने, पहाटेच्या गारठ्यात, गुडघ्यांवर रायफल घेऊन बसली होती. आणि त्या अकरा वर्षांत तिने एकही मूस मारला नव्हता. हाल्वार, गटाचा म्होरक्या आणि टोर्मोडचा जिवलग मित्र, दर वर्षी चिडवी की वहिनी, मुसांमध्ये बातमी पसरलीय, जिवाला धोका वाटला की बोर्गहिल्डपुढून चालत जायचं, ती फक्त मान हलवते. सगळे हसत, आणि मांसाचा वाटा मात्र तिला बरोबरीने देत. तिला हरणे मारायची नव्हतीच. कुणीतरी परत येईल म्हणून, चूल विझू न देता जागत बसावे, तशी ती तिथे बसली होती.

"सांगायचं होतंस मला," तो म्हणाला. "निदान पुढे, मी बरा झाल्यावर."

"तू बरा झालास हे मला कोण सांगणार होतं? दर वर्षी तू हा कागद आणायचास. मी पेन हातात घ्यायचे. आणि मला त्या चपला दिसायच्या." तिने डोळे मिटले. "विचारलं असतं, तर तू खरं सांगितलं असतंस?"

त्याला खोटे बोलता आले असते. आणि ती त्या खोट्यालाच घाबरत होती.

"पहिली चार वर्षं नसतं सांगितलं," तो अखेर म्हणाला. "नंतर... नंतर सांगितलं असतं. सात वर्षं झाली, आई. सात वर्षं मला एकदाही तसं वाटलं नाही."

सात वर्षे. तिने मनाशी ती वर्षे मोजून पाहिली, आणि तिचे अंतःकरण भरून आले ते आनंदाने की पश्चात्तापाने, हे तिचे तिलाही उमगेना. चार वर्षे तिने त्याचे रक्षण केले होते. उरलेली सात तिने आपल्या भयाचे रक्षण केले होते, आणि त्या भयालाच शिस्त म्हणून, निश्चय म्हणून, ताठ मानेने मिरवले होते. आयुष्यात तिने फारशी कुणाची क्षमा मागितली नव्हती. तिला ती मागण्याची रीतही नीट ठाऊक नव्हती.

"ती सात वर्षं माझी चूक," ती म्हणाली. "लोकांनी मला हावरट म्हटलं, ते मला चाललं. तू म्हटलंस, तेही मी सोसलं. पण एक ऐक. मी कधी बंदूक सांभाळत नव्हते रे. मी तुला सांभाळत होते."

ओद्वारने तोंड वळवले. त्याचे रुंद खांदे हलत होते. खाली वाकून तो बराच वेळ काहीतरी करीत राहिला, आणि बोर्गहिल्डला आधी कळलेच नाही की तो बुटांच्या नाड्या सोडतो आहे. अकरा वर्षांच्या सवयीने घट्ट बसलेल्या गाठी होत्या त्या... मग त्याने बूट दाराशी, बापाच्या बुटांच्या रिकाम्या जागेवर, शेजारी शेजारी ठेवले, आणि मोज्यांनी चालत येऊन तो टेबलाशी बसला.

कागदावर तिने त्याच दुपारी सही केली. त्या हिवाळ्याविषयी सगळे खरे खरे अर्जात लिहीन, असे तो म्हणाला. डॉक्टरांचे पत्रही जोडीन. आणि नकार आला, तर तोही मान्य करीन. मग सवयीने, किंवा थट्टेने, त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. तिने त्या हातावर हलकीशी चापट मारली.

"परवाना आल्याशिवाय नाही. कायदा आहे."

तो हसला. त्या घरात त्याचे हसू एवढ्या काळाने ऐकू आले, की फळीवरचा कॉफीचा लाल डबाही तिला अनोळखी वाटला.

मोसम हुकला. कड्याखालची जागा या वर्षी रिकामीच राहू द्या, असा निरोप तिने हाल्वारला धाडला आणि त्याने कारण न विचारता ते मान्य केले. पहिल्या हिमाच्या सुमारास पोलिसांचे पत्र आले. ओद्वार ते घेऊन भर दुपारी आला. परवाना मंजूर झाला होता. बोर्गहिल्डने ते दोनदा वाचले, क्रमांक ताडून पाहिला, आणि गळ्यातला दोरा काढू लागली. दोरा केसांत अडकला. त्याने तो हळुवारपणे सोडवून घेतला. किल्ली त्याच्या तळहातावर पडली तेव्हा ती तिच्या अंगाच्या उबेने उबदार होती. त्याने रायफल पेटीत घातली आणि पुलापलीकडच्या घरी, आपण स्वतः बसवलेल्या नव्या कपाटात ती कुलूपबंद केली. मग तो पायी परत आला. आज इथेच राहतो, म्हणाला. तिने त्याच्या जुन्या खोलीतली गादी झटकली.

दुसऱ्या दिवशी ती जागी झाली तेव्हा खिडकीत चांगले ऊन आले होते. एवढ्या उशिरापर्यंत ती कधी झोपली होती, तिला आठवेना. अर्धवट जागेपणी तिचा हात गळ्याशी गेला; तिथे काही नव्हते. चप्पल न शोधताच ती उठून बसली...

स्वयंपाकघरात चूल धडधडत होती. भाजलेल्या कॉफीचा वास दाराखालून आत येत होता, आणि त्या वासामागून एक आवाज आला, अगदी रोजचा, मुद्दाम रोजचा ठेवलेला.

"आई, कॉफी निवतेय."

ती क्षणभर तशीच बसून राहिली. मग, एकोणऐंशी वर्षांचे आपले थकलेले शरीर सावरीत, हात गळ्यावरून खाली घेत, ती त्या हाकेच्या दिशेने चालू लागली.