जोडीची खुर्ची

सांगलीच्या स्टँडवर क्रांती उतरली तेव्हा अकरा वाजत आले होते. काखेतल्या बोचक्यानं तिचा खांदा पार मोडला होता. बोचक्यात होता सासऱ्यांचा रेकॉर्ड प्लेअर, सासूबाईंच्या, बनुबाईंच्या, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, आणि पिशवीत अकरा तबकड्या. मेल्या माणसानं जित्या माणसाला किती म्हणून छळावं, याला काही सुमार आहे का नाही?

"आवं मामा, आता तरी सुटा की," ती बोचक्यालाच म्हणाली. शेजारचा रिक्षावाला तिच्याकडं बघत राहिला. बघू दे बापडा. चार महिने तिनं जे सोसलं होतं, ते त्याच्या वाट्याला आलं असतं तर तो रिक्षा टाकून पळाला असता.

तर झालं होतं असं.

तिचे सासरे लालासाहेब फौजेत मेस हवालदार होते. साठ सालाच्या आगंमागं, ऑफिसरांच्या मेसमध्ये दर शनिवारी इंग्रजी तबकड्या लागायच्या. तेव्हा ती नवी तऱ्हा निघाली होती. गिटार झणझणायची, पियानो कुणीतरी धुणं बडवल्यागत बडवायचं, आणि गाणारा विंचू चावल्यागत ओरडायचा. साहेब आणि मॅडम एकमेकांचे हात धरून गरगर फिरायचे. लालासाहेबांचं काम तबकडी बदलायचं. पांढरे हातमोजे घालून भिंतीला लागून उभं राहायचं, आणि कुणाला दिसणार नाही असा डावा पाय हळूच थापायचा. ठक... ठक-ठक. नाचायला जोडी लागते, आणि हवालदाराला जोडी कोण देणार?

पेन्शनीत आले ते हे यंत्र आणि मध्ये भलं मोठं भोक असलेल्या त्या तबकड्या घेऊनच. मग रोज दिवेलागणीला सोप्यात दोन खुर्च्या मांडायच्या, गाणं लावायचं आणि आत हाक मारायची, "बनू, ये की गं. बस जरा जोडीला."

आतनं बनुबाई ओरडायच्या, "मी काय तमाशातली हाय व्हय? भाकरी कोण थापील?"

पन्नास वर्षं हेच. दुसरी खुर्ची रिकामीच. क्रांती लग्न होऊन आली तेव्हापासून वीस वर्षं तीही तीच अकरा गाणी ऐकत होती. तिचा नवरा वीरधवल तर गाणं लागलं की घराबाहेर पडायचा. पुढं तोही फौजेत गेला, त्यामुळं सुटला. क्रांतीचं डोकं मात्र रोज संध्याकाळी ठणकायचं.

चार महिन्यांमागं लालासाहेब गेले. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना.

समोरच्या उंबरावर पाच-सहा कावळे बसले होते. बघत होते, पण खाली येत नव्हते. भावकीनं हात जोडून नाही नाही ते कबूल केलं. वाटणी नीट करू. म्हातारीला अंतर देणार नाही. ढिम्म. साडेबारा झाले. घरी दोनशे माणसांचा भात लगदा व्हायला लागला होता, उन्हानं पोरं रडत होती, आणि क्रांतीचं टाळकं सटकलं.

"आवं मामा! तुमची ती इंग्रजी गाणी रोज लावीन, आन् जोडीच्या खुर्चीत माणूसबी बसवीन! शिवा आता एकदाचं!"

तिचं तोंड मिटायच्या आत कावळा पिंडावर उतरला. "सून शाणी हाय," बाया म्हणाल्या. क्रांतीलाही बरं वाटलं. कुणी सांगितलं होतं एवढं बोलायला? पण जीभ ती जीभच, आवरली तर ती क्रांतीची कसली!

दहाव्याला दिलेला शब्द मोडायचा नसतो. मग काय, रोज दिवेलागणीला क्रांती खुर्च्या मांडायची, सुई टेकवायची आणि दुसऱ्या खुर्चीत बसून घड्याळाकडं बघायची. सव्वादोन मिनिटांचं गाणं. गॅसवर दूध, उंबऱ्याशी कोंबड्या, आणि ही बसलीय विलायती गाणं ऐकत. चरफडत बसायची, पण बसायची.

पंधरा दिवसांनी पहिल्यांदा बूट-पॉलिशचा वास आला. घरात बुटाचं पॉलिश उरलेलंच नव्हतं.

मग पावलाचा आवाज. शेजारच्या रिकाम्या खुर्चीखालून. ठक... ठक-ठक.

मग हात. तिच्या उजव्या हाताखाली कुणीतरी अलगद हात घातला. मऊ, सुती, हातमोजा घातल्यासारखा. दांडगाई काही नव्हती. उलट फार अदबीनं, उठता का, असं विचारल्यागत तो हात तिला वर ओढायचा. क्रांती दुसऱ्या हातानं खुर्ची गच्च धरून बसायची. गाणं संपलं की हात सुटायचा. एक गाणं झालं की पुन्हा सुई टेकवायची तिची छाती नव्हती.

तिनं वीरधवलला फोन केला. तो तिकडं वर, बर्फात.

"याड लागलंय का तुला? आय कशी हाय?"

"इचारतात, वीरू कवा येणार म्हणून."

"रजा न्हाई गं. सांग तिला."

हे रजा नाही प्रकरणही दहा वर्षांचं, बापाच्या दहाव्यालाही तेच. म्हातारी बोलवायची, तो नाही म्हणायचा. क्रांतीनं फोन आपटला.

एका संध्याकाळी लाईट गेली. क्रांतीला मनातनं आनंद झाला. आज लाईटच नाही, तर माझा काय दोष? ती निवांत कणीक मळायला बसली. आणि सोप्यातनं आवाज आला. ठक... ठक-ठक. मग माजघरात. मग बनुबाईंच्या खाटेजवळ. क्रांती कंदील घेऊन धावली. बनुबाईंचे गुडघे गेलेले, आठ वर्षं वॉकरशिवाय त्यांना उभं राहता येत नव्हतं. त्या गाढ झोपलेल्या होत्या, आणि उजवा हात वर उचललेला होता. तळवा पुढं. कुणाच्या तरी हातात दिल्यासारखा.

"आत्याबाई..."

हात धपकन खाली पडला.

तेव्हा क्रांतीला सगळं कळून चुकलं. ती बसली नाही, तर म्हातारीला बसावं लागणार. आणि म्हातारी उठली तर परत खाली बसायची नाही. या बाईनं तिची तीन बाळंतपणं काढली होती. आईमागं आई तीच. त्या दिवसापासून क्रांतीनं एक दिवस चुकवला नाही. पण ओढ वाढतच गेली. काल संध्याकाळी ती खुर्चीवरनं चार बोटं वर उचलली गेली, आणि गाणं संपल्यावर दाणकन आपटली.

म्हणून आज ही सांगली. बनुबाईंना सांगितलं, सुई झिजलीय, बदलून आणते. खरं तर तिला ती ब्याद तिथंच टाकून यायची होती. यंत्रच नसलं तर गाणं कुठलं, आणि ओढ तरी कुठली?

हळदीच्या वासानं भरलेल्या पेठेमागच्या बोळात बागवानचाचांचं दुरुस्तीचं दुकान होतं. चाचांनी तबकडी लावली. खर्रर्र... दुसरी लावली. खर्रर्र. सगळ्या अकरा लावून पाहिल्या. मग एक तबकडी उन्हात तिरपी धरली.

"सुई चांगली आहे, ताई. तबकड्याच गुळगुळीत झाल्यात. रेघच राहिली नाही. गाणं आता नाही ह्याच्यात. कित्येक महिने वाजलं नसणार."

"काल वाजलं की."

"काल?"

चाचांनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं. क्रांतीनं यंत्र आणि पिशवी त्यांच्यापुढं सारली.

"ठेवून घ्या," ती म्हणाली. "मोडीत घाला. जाळा. मला नगं."

परतीच्या एसटीत खांदा हलका होता, मन मात्र नव्हतं. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला. ड्रायव्हर निवांत तंबाखू मळतोय, कंडक्टर फोनवर हसतोय. "आवं काढा की गाडी!" क्रांती दोनदा ओरडली. दिवेलागण जवळ आली होती.

गल्लीच्या तोंडाशीच तिला गाणं ऐकू आलं.

पियानो दणदणत होता. गाणारा ओरडत होता. चपला हातात घेऊन ती धावली. सोप्याचं दार उघडंच होतं. मेजावर यंत्र नव्हतं, धुळीत त्याचा चौकोन तेवढा उरलेला. दोन्ही खुर्च्या रिकाम्या. मधोमध बनुबाई उभ्या होत्या, वॉकरशिवाय, उजवा हात वर करून, आणि त्या हाताखालून सावकाश गिरकी घेत होत्या. पदर फिरत होता. हसत होत्या. असलं हसू क्रांतीनं वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आत्याबाई, बसा! खाली बसा आदी!"

"थांब गं जरा..." बनुबाई तिच्याकडं न बघताच म्हणाल्या. "लय उशीर केला मी... लय वाट बघाय लावली..."

गाणं संपलं. कुणीतरी हात धरून टेकवावं तशा त्या खुर्चीत अलगद बसल्या. मान कलली. क्रांतीनं हात हातात घेतला, तो गार पडत चालला होता, आणि बोटांना बूट-पॉलिशचा वास होता.

ती तिथंच फरशीवर बसून रडली. मीच गेले. मीच टाकून आले. चार बोटं उचलत होता तर उचलू द्यायचं होतं मेलीनं!

वीरधवलला आता रजा मिळाली.

दहाव्याला पुन्हा तोच घाट, तोच उंबर. क्रांतीच्या मनात आलं, जोडी जमली, आता कुणाचं काही राहिलं नाही. आज लगेच शिवणार. पण तास झाला. दीड तास झाला. कावळे बसलेलेच.

"क्रांती, तू बोल बाई," चुलत सासू म्हणाली. "तुझंच ऐकत्यात."

क्रांतीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. आता एक शब्द काढायचा नाही. मेले तरी नाही. पण म्हातारीचं काय राहिलंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि जोरजोरात मान हलवली. नको. तुमी बोलू नगा.

वीरधवल घामानं निथळत होता. उन्हावर, भावकीवर, भटजीच्या घड्याळावर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर चिडला होता. एकदम त्याचा बांध फुटला.

"आय, चुकलं माझं! धा येळा बोलावलंस, आलो न्हाई. आता बोलावशील तवा येतो. लगीच येतो. शिव की गं आता!"

"आवं, न्हाई..." क्रांती पदर ओढून ओरडली. पण कावळा पिंडावर बसलाही होता. पाठोपाठ दुसरा.

लोकांनी हात जोडले. "सुटली बिचारी," म्हणत माणसं गाड्यांकडं निघाली. भात आज वेळेवर वाढला जाणार होता.

वीरधवल घाटाच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. क्रांती शेजारी टेकली. नाडी बांधून झाली तरी तो उठेना. नदीकडं बघत होता. डावा बूट दगडावर हलत होता.

ठक... ठक-ठक.

"आवं, काय करताय?"

"कुठं काय?" तो म्हणाला. पाय थांबला नाही. त्याचा उजवा हात हळूहळू वर आला, नदीच्या बाजूला, जिकडं कुणीच नव्हतं.

क्रांतीनं झडप घालून दोन्ही हातांनी तो हात धरला. तिच्या बोटांना आधी लागल्या काचेच्या बांगड्या. मामा असताना बनुबाईंच्या हातात होत्या तशा, गारठलेल्या.